अब्बांना समुद्र दाखवला

इचलकरंजीत यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या बुजुर्गांशी बोलताना आवाज चढवावाच लागतो. आमच्या अब्बांनी 40 वर्षं मागावर काढली. खडखडाटाने कान जवळजवळ गेले. वय 72. समुद्र कधी पाहिला नव्हता. नातलग म्हणाले, "या वयात तंबूत झोपवणार?" पण हट्ट अब्बांचाच होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण निघालो. आंबा घाटाने रत्नागिरी आणि तिथून किनाऱ्याने उत्तरेला मुरुडपर्यंत. हा किनारा सरळ नाही. काळे खडक, चढउतार, मध्ये खाड्या. रस्ता खाडीपाशी संपला की गाडी फेरीबोटीत चढवायची. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा अशा चार खाड्या ओलांडल्या. तंबू मात्र वाळूत लावले नाहीत. घरमालकाला विचारून माडांच्या वाडीत लावले. त्यामुळे बायकामुलींची न्हाणीघराची सोय झाली आणि भरतीची धास्तीही उरली नाही.

दाभोळला आदिलशाही काळातली दगडी मशीद पाहिली. तिला लोक अंडा मशीद म्हणतात. वाडीतल्या आजींची कोकणी आम्हांला आणि आमची दख्खनी त्यांना अर्धीच कळे. गप्पा शेवटी मराठीतच रंगल्या.

फज्रला गावच्या मशिदीत दुसऱ्या रकअतीत इमामसाहेबांनी रुकूनंतर दुआला हात उचलले. अब्बा गोंधळले. नंतर आम्ही कागदावर लिहून दाखवलं: आपण हनफी, कोकणातले बहुतेक शाफई. ते फज्रमध्ये कुनूत पढतात. त्यांची असरही लवकर, सावली एकपट झाली की. आपल्याकडे दुप्पट. मात्र इमाम अबू हनीफांचे दोन थोर शागिर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांचं मतही एकपटीचंच. अब्बा म्हणाले, "मग आज असर त्यांच्यासोबतच." मुसाफिराला चारच्या दोनच फर्ज रकअत, पण मुकीम इमामामागे पूर्ण चार पढल्या.

हर्णैला संध्याकाळी अब्बा खडकावर बसले होते. लाट आपटली तसा त्यांनी तळवा खडकावर टेकवला. म्हणाले, "मागाखालची फरशी अशीच हादरायची. येतो ऐकू." आमच्याने काही बोलवलं नाही.

परत आल्यावर त्यांचे कान तपासून घेतले. यंत्र बसवलं, थोडा फरक आहे. गेलेलं सगळं परत येत नाही, म्हणून आज मागावर उभ्या असलेल्या पोरांच्या कानांत बोळे घालायला लावा. आणि घरातल्या बुजुर्गांना एकदा विचारा, काय पाहायचं राहिलंय?