बाबांची ओळ

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आज लिहितोय ते एका चुकीबद्दल. चूक माझीच, आणि तीही एक अक्षर दाबण्याएवढी. कॉम्प्युटरमधलं कळत नाही म्हणणाऱ्या काका-मावश्यांनीही वाचा, गोष्ट घरचीच आहे.

नाशिकच्या घरी टीव्हीशेजारच्या फळीवर एक जुना लॅपटॉप आहे. झाकण बंद, पण दिवसरात्र चालू. २०२१ मध्ये बाबांनी त्यावर डेबियन ११ टाकलं आणि आजीच्या ओव्यांच्या कॅसेट त्यात भरून ठेवल्या. आई सकाळी चहा टाकताना फोनवरून त्या लावते. पुढच्या वर्षी बाबा गेले. लॅपटॉप चालूच राहिला.

२०२३ च्या दिवाळीत घरी गेलो. डेबियन १२ येऊन पाच महिने झाले होते. म्हटलं, करून टाकू अपग्रेड. शेकडो पॅकेजेस भराभर बसत होती आणि मधेच गाडी अडली. ही फाइल इथे कुणीतरी बदललेली दिसते, आणि आमच्याकडूनही नवी आली आहे, कुठली ठेवू? नवी हवी तर वाय, तुमची हवी तर एन, फरक बघायचा तर डी. आतून फराळाच्या हाका येत होत्या. मी वाय दाबलं. रिस्टार्ट केलं, सगळं चालतंय हे पाहिलं, झाकण लावलं आणि पुण्याची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "अरे, ओव्या लागत नाहीयेत. बाबांचं मशीन झोपलंय बहुतेक."

खरंच झोपलं होतं. झाकण लावलं की लॅपटॉपने झोपायचं, हा मूळचा नियम. तो बाबांनी बदलला होता आणि मी परत आणला होता.

वाईट याचं वाटलं, की त्या प्रोग्रॅमने माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतली होती. डेबियनमध्ये पॅकेजेस बसवणारा डीपीकेजी अशा फाइलींचा मूळचा ठसा जपून ठेवतो. अपग्रेडच्या वेळी मूळची, आत्ताची आणि नवी अशा तिन्ही ताडून बघतो. तुम्ही हात लावला नसेल तर गुपचूप नवी बसवतो. बदल फक्त तुमचाच असेल तर तुमची तशीच ठेवतो. फाइल मुद्दाम काढून टाकली असेल तर तीही तुमचीच इच्छा मानून परत आणत नाही! दोन्हीकडून बदल झाला असेल तरच विचारतो. आणि तेव्हाही नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते. म्हणजे मी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं...

आईला झाकण उघडायला सांगितलं आणि पुण्याहून आत शिरलो. जुनी फाइल फेकलेली नव्हती. नावाला 'डीपीकेजी-ओल्ड' असं शेपूट लावून शेजारीच ठेवली होती. उघडली. बदललेली ओळ एकच. तिच्यावर बाबांनी लिहून ठेवलेलं: "झाकण लावले तरी झोपू नये. ही सकाळी ओव्या लावते."

बराच वेळ नुसता बघत बसलो.

नवी फाइल करणाऱ्यांना त्यांचा प्रोग्रॅम माझ्यापेक्षा चांगला कळतो, यात वादच नाही. पण आमच्या घरी सकाळी ओव्या लागतात हे त्यांना कुठून कळणार? ते सांगायचं काम त्या ओळीचं होतं, आणि वाचायचं माझं.

आता ती ओळ, वरच्या टिपेसकट, 'लॉगइनडी.कॉन्फ.डी' या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवली आहे. मूळ फाइल कितीही बदलो, हिला धक्का लागत नाही. २०२५ मध्ये डेबियन १३ केलं तेव्हा दुसऱ्याच एका फाइलीवर तोच प्रश्न आला. डी दाबलं आणि ओळ न् ओळ वाचली. फराळ तेव्हा नव्हता, पण असता तरी थांबला असता.

असो. तुम्हीही घरच्या मशीनवर काही बदललं असेल, तर का बदललं ते शेजारी लिहून ठेवा. पुढचा अपग्रेड कोण करेल, सांगता येत नाही.