रारीचे केसकाम

आज दुपारभर मेजावरचे ते कर्णफूल न्याहाळीत बसलो. हातात घेतले तर वजन म्हणून काही जाणवत नाही. परंतु भिंगातून पाहू जाता, घोड्याच्या शेपटीचा केस मध्यबिंदूतून निघालेल्या ताठ तंतूंच्या वरून-खालून फेरे घेत, कोठेही वीण सैल न पडू देता, पाकळीच्या कडेपर्यंत पोहोचलेला दिसतो.

चिली देशातील लिनारेस प्रांतात, अँडीजच्या पायथ्याशी वसलेल्या रारी नामक लहानशा गावी स्त्रिया हे काम मागावाचून, केवळ बोटे आणि सुई यांच्या बळावर करतात. पूर्वी पॉपलर वृक्षाच्या मुळांचे तंतू वापरीत, मागाहून घोड्याचा केस आला. ताठपणासाठी लागणारा घायपातीच्या जातीचा तंतू थेट मेक्सिकोहून येतो. केस आधी धुवावयाचा, रंगाच्या पाण्यात उकळावयाचा, आणि मग त्यातून फुले, फुलपाखरे, इवल्या टोप्या घडवावयाच्या. शेजारच्या पानिमाविदा येथील उष्ण झऱ्यांवर प्रकृतिस्वास्थ्यासाठी येणारी मंडळी ही या जिनसांची जुनी गिऱ्हाइके.

२०१० साली चिली सरकारने या कारागीर स्त्रियांना जिवंत मानवी ठेवा म्हणून मान्यता दिली, हे उचितच झाले. तथापि तोळ्यामाशांच्या हिशेबाने दागिन्याची किंमत करणाऱ्या आपल्या दृष्टीला, ज्यात धातूचा कणही नाही अशा या अलंकारातील श्रमाचे मोल कसे उमगावे, ही चिंता मला खरोखरच वाटते. तेथे मात्र मुली आईशेजारी बसून, लहान वयातच ही वीण हातात बसवून घेतात.