बुवांचं बिऱ्हाड

ओहोटीला मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांत जी डबकी उरतात, त्यांतले कितीतरी शंख चालत असतात. आत गोगलगाय नसते, खेकडा असतो. आमचे बुवा तिथलेच. जन्मगाव मात्र विचारू नये. या मंडळींची पिल्लं आधी उघड्या समुद्रात तरंगतात, मग लागतील त्या किनाऱ्याला लागतात. बुवा क्लिबॅनेरियस प्रजातीतले. पायांवर उभे पट्टे, दोन्ही नांग्या जवळपास सारख्या. 'बुवा' हे नाव आजीनं ठेवलं, आणि तेही कौतुकानं नव्हे. "मेल्याला स्वतःचं घर नाही, दुसऱ्याचं बळकावून बसलाय!"

त्यांना आम्ही घरी टाकीत ठेवलं होतं. एका सकाळी बुवा टाकीच्या तळाशी शंखाबाहेर उताणे पडलेले दिसले. "सुटला हो," आजी म्हणाली. उचलून बघतो तर हाताला वजनच लागेना. ती कात होती! बुवा ओल्या, मऊ अंगानं शंखात खोल दडले होते.

त्यांनी कधी दाखवलं नसतं ते त्या कातीनं दाखवलं. पुढचं अंग टणक, पण पोटाचा भाग कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आणि उजवीकडे वळलेला. बहुतेक शंखांचा पीळ उजवा, त्याला ते वळण बरोबर बसतं. शेपटीच्या टोकाला दोन आकडे, त्यांतला डावा मोठा. त्यांनी शंखाच्या मधल्या खांबाला आतून धरायचं. नांग्या धरून पाय दहा, पण चालायला दोनच जोड्या. मागच्या दोन जोड्या आखूड, त्या शंख आतून सावरतात. ओढून काढू पाहाल तर खेकडा फाटेल, सुटणार नाही.

अंग टणक झाल्यावर बुवांनी शेजारी ठेवलेला मोठा शंख तपासायला घेतला. नांगीनं तोंड चाचपलं, शंख फिरवला, आत मिशा घालून पाहिल्या. बराच वेळ हे चाललं. स्थलांतर मात्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उरकलं, कारण उघडं पोट म्हणजे माशांना आमंत्रण.

आजीचा आरोप मला अर्धाच मान्य आहे. मेलेल्या गोगलगायीचं घर घेण्यात चोरी कसली? जातभाईच्या पाठीवरचा शंख मात्र बुवा खुशाल हिसकावतात.

पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि कमी खारं होतं, टाकीत भरण्याजोगं राहत नाही, म्हणून त्याआधीच त्यांना मिऱ्याला सोडलं. तुम्हाला असा खेकडा पाळायचा असेल तर नळाच्या पाण्यात ठेवू नका, तो मरतो. आणि टाकीत रिकामे शंख हवेत, त्याच्या अंगावरच्यापेक्षा जरा मोठे.