देवराईतली काडी

काडी करंगळीएवढी होती. रात्री देवराईत ती हिरवट उजेडाने चमकत होती. सकाळी सॅकच्या कप्प्यातून बाहेर काढली, तर कुजून मऊ झालेली काळपट काडी, बस. चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत बसलेल्या आजींची नजर तिच्यावर गेली आणि त्यांचा हात थांबला.

"ही कुठली, ताई?"

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. परातीतलं पीठ बोटांनी गोळा करत एवढंच म्हणाल्या, "भैरवनाथाच्या रानातलं वाळलं पानबी घरात आनत न्हाईत. जिथली हाये तिथं ठिवून या. पोरगं येईल संगं."

हे गाव आहुपे. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचं पार पश्चिमेचं टोक. घोडेगाव सोडलं की रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेने बराच वेळ जातो, मग चढतो, आणि जिथे जमीन संपते तिथे आहुपे येतं. पुढे सरळ कोकणात उतरणारा कडा. धुकं सरलं तर खाली गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. मी गेले तेव्हा आषाढ संपत आला होता, दिव्यांची अवस दोन दिवसांवर होती आणि तीन दिवसांत कडा एकदाही दिसला नाही. समोर नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून येणारा पाण्याचा आवाज.

मी आले होते ती रात्रीच्या रानासाठीच. भीमाशंकरच्या या पट्ट्यात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर एक बुरशी वाढते आणि अंधारात तिला उजेड असतो. ज्यांच्या घरी उतरले होते ते दादा जेवणानंतर मला घेऊन गेले. देवराईच्या तोंडाशी त्यांनी पायातल्या चपला काढल्या, मीही बूट काढले. थोडं आत गेल्यावर म्हणाले, "बॅटरी बंद करा आनि गप उभ्या ऱ्हावा." पहिली पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. स्वतःचा हातसुद्धा नाही. पानांवरून ठिबकणारं पाणी मानेवर पडत होतं आणि मला भीती वाटत होती. मग पायाजवळ काहीतरी धुरकट फिकं जाणवलं. डोळे सरावले तसं ते हिरवं झालं, एका काडीचा आकार आला, तिच्या पलीकडे दुसरी, मग एक आडवी फांदी टोकापासून टोकापर्यंत. चांदण्याचा असतो तसा तो उजेड आजूबाजूला सांडत नाही. तो लाकडाच्या आतच असतो. मी वाकले, एक काडी उचलली, तळहातावर ठेवली. हाताच्या रेषा दिसतील इतकाही उजेड नव्हता, तरी मला ती सोडवेना. दादा पुढे झाले होते. मी ती सॅकमध्ये टाकली. घरी लेकीला दाखवायची होती.

सकाळी आजींचा नातू, आश्रमशाळेतून सुट्टीवर आलेला, अंगावर खताच्या गोणीची खोळ घेऊन माझ्यापुढे चालू लागला.

देवराई दिवसाही अंधारी होती. आहुप्याची ही राई गारंबीच्या वेलींसाठी जाणकारांना ठाऊक आहे. वेल म्हणावं तर मन धजत नाही, कारण बुंधा माणसाच्या मांडीहून जाड, पिळदार, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर गेलेला. वर तिच्या हात-दीड हात लांब शेंगा लोंबत असतात. अंजनी, हिरडा, जांभूळ, आंबा, सगळी झाडं शेवाळाने मढलेली. पोराने मला उंचावरच्या एका दुबेळक्यात काड्यांचं गाठोडं दाखवलं, ते शेकरूचं घरटं. या शेकरूसाठीच १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं. पण अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून इथे कुऱ्हाड येत नव्हती. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांची पाहणी केली, त्यांचं वाचूनच मला या रानांची ओढ लागली होती. वाचलेलं सगळं डोक्यात होतं आणि तरी रात्री माझा हात काडीकडे गेला, याचं मला फार वाईट वाटत होतं.

जागा नेमकी सापडली नाही. पोरगा म्हणाला, "हितं ठिवली तरी चालतंय, देव सगळ्याच रानात हाये." मी काडी ठेवण्यासाठी पानं बाजूला सारली. वरची पानं ओली, त्याखाली अर्धी कुजलेली, त्याखाली जाळीदार, मग काळी भुसभुशीत माती, जिच्यात पांढरे धागे पसरले होते. माझा हात मनगटापर्यंत आत गेला तरी घट्ट जमीन लागली नाही. मूठभर पालापाचोळा दाबला तर स्पंजातून यावं तसं पाणी आलं, आणि ते गढूळ नव्हतं. बाहेर रस्त्यावर सगळे ओहोळ लाल वाहत होते.

येताना पोराने मला वेगळ्या वाटेने आणलं. राईच्या खालच्या अंगाला दगडांच्या बेचक्यातून एक झरा निघतो. तो वाटेत कुठे खोदलेला, कुठे दगड लावून वळवलेला, आणि पन्नास-साठ पावलांवर थेट एका खाचरात पडतो. त्या खाचरातून खालच्या, तिथून त्याच्याही खालच्या. सर्वांत खालच्या खाचरात आजींची सून आणि चार बायका आवणी, म्हणजे भाताची लावणी, करत होत्या. आम्हाला बघून त्या हसल्या. मला कुणी बोलावलं नाही, मीच उतरले. रोपाची एक मूठ माझ्या हातात आली. गुडघाभर चिखल, पाठीवर पाऊस, आणि तीन बोटांत धरून रोप नुसतं टेकवायचं, खोल खुपसायचं नाही. मी खुपसत होते. शेजारच्या मावशींनी काही न बोलता माझी एक ओळ उपटून पुन्हा लावली. तासाभरात माझी कंबर गेली. त्यांचं सकाळपासून चाललं होतं आणि संध्याकाळपर्यंत चालणार होतं.

बोलता बोलता कळत गेलं. या रोपांसाठी उन्हाळ्यात राब भाजतात, शेण, डहाळ्या, पालापाचोळा, वर माती असे थर लावून. त्या डहाळ्या बांधावरच्या ऐनाच्या असतात, देवराईतली एकही नाही. चैत्र-वैशाखात बाकीचे ओहोळ आटले तरी राईखालचा झरा बारीक का होईना वाहतो, प्यायचं पाणी तिथून येतं. "रान गेलं तर पाऊस थांबायचा न्हाई," मावशी म्हणाल्या, "पन थांबून ऱ्हायाचं पानी जाईल." मी इतकी वर्षं जंगलाविषयी वाचते आहे, एवढं नेमकं वाक्य माझ्या वाचनात आलं नव्हतं.

ही खाचरं निसर्गाने दिलेली नाहीत. डोंगरउतारावर पहारीने दगड काढायचे, त्यांचा बांध रचायचा, त्यामागे माती ओढून सपाट करायची, तेव्हा भाताला पाणी धरणारं एक वावर होतं. एकट्या घराचं हे काम नव्हे. आज सगळ्यांनी माझ्या उतारावर, उद्या तुझ्या, अशी इथली जुनी रीत आहे, तिला पडकई म्हणतात. घोड नदीवरच्या डिंभे धरणात या भागातल्या महादेव कोळ्यांची नदीकाठची भातजमीन बुडाली, तेव्हा उरलेल्या उतारांवर वावर काढणं हाच आधार राहिला. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेने पडकईला सरकारी योजनांची जोड मिळावी म्हणून वर्षानुवर्षं झटून काम केलं. २०१२ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. माझ्या मते या कामाची जेवढी माहिती मराठी वाचकाला असायला हवी तेवढी नाही.

भाताने वर्षभराचं पोट भरतं, रोख पैसा मात्र हिरड्याचा. उन्हाळ्यात कोवळी फळं झोडपून उतरवायची आणि अंगणात काळी पडेपर्यंत वाळवायची, तो बाळहिरडा. याआधी एकदा मी मे महिन्यात आले होते, तेव्हा प्रत्येक अंगण काळं होतं. त्या पैशातून बियाणं, पोरांची वह्या-पुस्तकं, दवाखाना. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथली कितीतरी झाडं मोडली. हिरड्याचं झाड पुन्हा फळावर यायला वर्षं लागतात, आणि हिरडा शेतातलं पीक नसल्यामुळे भरपाईसाठी लोकांना फार झगडावं लागलं. रानातली झाडंही इथे शेतीच आहे, हे आपल्या कागदांना अजून नीट उमगलेलं नाही.

संध्याकाळी चुलीशी पाय शेकत बसले तेव्हा आजींनी विचारलं, "ठिवली का काडी?" मी हो म्हणाले. त्यांनी कोऱ्या चहाचा कप पुढे केला. निघताना पिशवीत दोन शेर तांदूळ घातला, त्याच खाचरातला. पैसे देऊ केले तर त्यांचा चेहरा उतरला, म्हणून मी ते परत ठेवले.

अलीकडे चमकणारी बुरशी बघायला पावसाळ्यात शहरातून गाड्या भरून माणसं भीमाशंकरच्या पट्ट्यात येतात. तुम्हीही या, बघण्यासारखंच आहे. फक्त झुंडीने येऊ नका. गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याच्या रात्रीचे पैसे त्याच्या हातात द्या. बॅटरी बंद ठेवा. जमलं तर एक दिवस आवणीच्या चिखलात काढा. आणि रानातून काही उचलू नका, वाळलेली काडीसुद्धा.