मालवणच्या गढूळ पाण्यातलं प्रवाळ

दिवाळीची सुट्टी लागली की सोलापूरच्या गाड्या कोल्हापूरमार्गे घाट उतरून मालवण-तारकर्लीला येतात. पावसाळ्यात बंद असलेलं डायव्हिंग तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं. सागरी जीवशास्त्र हा माझा विषय आणि सोलापूर माझं गाव, त्यामुळे पाण्यातून वर आलेल्या गाववाल्यांशी गप्पा होतातच. बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: मोबाइलवर लक्षद्वीप-अंदमानचं पाहिलं, तसं निळंशार काही दिसलं नाही. पाणी गढूळ असतं, हे खरंच आहे. मला मालवणचं प्रवाळ आवडतं ते त्या गढूळपणापायीच.

प्रवाळ म्हणजे इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणून प्रवाळाला पाणी नितळ लागतं. इथे मात्र पावसाळाभर खाड्यांतून माती येते, लाटा तळाची वाळू ढवळतात. तरीही सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांवर प्रवाळ तग धरून आहे. पोराइट्स जातीचा घुमट अंगावर चिकट स्राव सोडतो, गाळ त्यात अडकतो आणि पापुद्र्यासकट निघून जातो. त्याची वाढ वर्षाला साधारण १ सेंटिमीटर. हातभर उंच घुमट दिसला, तर तो चाळिशीतला समजावा. अशा घुमटावर कुणी फोटोसाठी पाय रोवून उभं राहिलं की माझ्या पोटात कालवतं.

माझं आवडतं गोनिओपोरा. बहुतेक प्रवाळ रात्री उमलतात, हे भर दिवसा फुललेलं असतं. जवळ जाऊन बघा: लांब देठावर शेवंतीसारखं तोंड, त्याभोवती बरोबर २४ शुंडके, लाटेबरोबर सगळी एका दिशेला झुकणारी. जरा धक्का लागला की सगळा ताटवा आत जातो आणि उरतो करडा दगड.

मासेही आहेत. गोबरा कपारीत, तांबोशी जरा खोलात, केंड संथपणे फिरणारा. पिवळसर अंगावर पाच काळे पट्टे असलेला सार्जंट मेजर तर सगळीकडे. विणीच्या काळात याचा नर निळसर पडतो. मादीने खडकावर घातलेल्या अंड्यांचा जांभळट थर तो एकटा राखतो, चौपट मोठ्या माशाच्याही अंगावर धावून जातो. पाव टाकून मासे गोळा करणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही, नुसती गर्दी दिसते.

सोलापूरकरांना ४४ अंश नवे नाहीत. प्रवाळाचं तसं नाही. नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून पाणी १ अंशानेच जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. मालवणातही असं विरंजन झालेलं आहे. पाणी लवकर निवलं तर प्रवाळ सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. तापणाऱ्या पाण्यापुढे कायद्याचं काही चालत नाही. नांगर, पाय आणि हात मात्र आपल्याला आवरता येतात.

तेव्हा येणार असाल तर भरतीची वेळ विचारून या, बाहेरचं स्वच्छ पाणी तेव्हा आत येतं. नावेवरच सांगा की पाव नको, फिरवूही नका, एकाच खडपाच्या कडेला धरून ठेवा. हात छातीशी ठेवा. पहिली दोन-तीन मिनिटं सगळं करडंच दिसेल, मग नजर बसेल.