बलुम

ग्रंथालयाच्या कपाटात इंडोनेशियन भाषेचे एक जुने व्याकरण हाती लागले. संस्कृतच्या लकारांनी मला घाम फोडलेला. इथे तर क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही! ‘साया माकान’ म्हणजे मी जेवतो, जेवलो, जेवेन, काहीही. आधी ‘कमारिन’ लावले की काल, ‘बेसोक’ लावले की उद्या. ‘जेव्हा’ला ते ‘कतिका’ म्हणतात. ती मूळची आपली संस्कृत घटिका.

पण मी अडलो तो ‘बलुम’पाशी. ‘सुदाह माकान?’ म्हणजे जेवण झाले का? झाले नसेल तर नुसते ‘तिदाक’, म्हणजे ‘नाही’, असे उत्तर देत नाहीत, ‘बलुम’ म्हणतात. अजून नाही. आपणही तसे म्हणतो, पण मनात आले तरच.

आमच्या घरात अक्षर ओळखणारा मीच पहिला. बँकेत आईला विचारतात, “सही येते का?” ती खाली मान घालून “नाही” म्हणते. गेल्या दिवाळीपासून मी तिला पाटीवर तिचे नाव गिरवायला शिकवतो आहे; दुसऱ्या अक्षराचा काना तेवढा वाकडा जातो. परवा तिला ‘बलुम’ समजावून सांगितले. पदराआड हसली नि म्हणाली, “आन् सही यायला लागली, की काय म्हनायचं रे?”

“सुदाह,” मी म्हणालो.