भिंतीवरची तार

सरकारी क्वार्टरच्या भिंतीवर आपला हक्क फार तर एका खिळ्यापुरता असतो. भिंत खोदून तारा आत पुराव्यात, ते घरमालकांनी. आम्हा बदलीवाल्यांच्या तारा भिंतीवरूनच जायच्या. दिल्लीत आल्यापासून मला या उघड्या तारांची थोडी लाजच वाटत असे.

गेल्या हिवाळ्यात आई वाईहून कायमची राहावयास आली. निदान मी तसे धरून चाललो होतो. तिच्या खोलीत दिव्याचे बटण दाराशी आणि खाट खिडकीशी. मध्ये दहा पावलांचा अंधार. एके रात्री ती त्या अंधारात पडली. हाड मोडले नाही. परंतु रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर तिने पाणी पिणेच सोडले होते, हे मला फार उशिरा कळले.

रीतसर परवानगी काढून मी वायरमन बोलावला. त्याने मेन बंद केला, खडूच्या दोरीने भिंतीवर रेघ उमटविली, तिच्यावर प्लास्टिकची पन्हळीसारखी पट्टी स्क्रूंनी बसविली, तीत दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारा घातल्या आणि वरून झाकणपट्टी दाबली. दाराशी एक व उशाशी एक, असे दोन टू-वे स्विच. त्यांच्यामध्ये दोन तारा. दोन्ही स्विच एकाच तारेवर आले की दिवा लागतो, दोघे दोन तारांवर गेले की मालवतो. त्यामुळे दाराशी लावलेला दिवा उशाशी मालविता येतो.

आई हे सारे लक्षपूर्वक पाहत होती.

"बदली झाली म्हणजे हे काढता येईल ना रे?" तिने विचारले.

"येईल की. चार भोकं बुजवली की झालं."

"मग बरं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मला सुटकेसारखे काही दिसले.

वाईच्या घराला गिऱ्हाईक पाहावे, असे पत्र मी धाकट्या भावाला लिहून ठेवले होते. ते टाकावयाचे मी रहित केले. तिलाही या भिंतीत स्वतःला पुरून घ्यावयाचे नव्हते.

त्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. तिच्या खोलीत दिवा लागला, तांब्यावरचे फुलपात्र वाजले. थोड्या वेळाने दिवा मालवला.